काचेला लागलेली हळद

दसरा झाला की पुण्याचं ऊन पलटतं. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो आणि मधल्या त्या तीन आठवड्यांत दुपारी कर्वेनगरच्या रस्त्याने चालताना डोळ्यांपुढे नुसतं पांढरं दिसतं. लोक त्याला ऑक्टोबर हीट म्हणतात आणि लिंबू सरबत पितात. मला मात्र या दिवसांत कारण नसताना धाकधूक होते. गॅस बंद केला का, कुलूप नीट लागलं का, कुणाला काही सांगायचं राहून तर गेलं नाही ना. डॉक्टरांकडे रक्तदाब तपासून झाला, तो उत्तम निघाला. उत्तमच निघणार. दुखणं तिथे नाहीच.

परवा खंडेनवमीला मुलाने त्याचा लॅपटॉप देवापुढे ठेवला. या दिवशी ज्याच्या हातात जे हत्यार त्याची पूजा करायची, आणि आमच्या घरात आता तेवढंच हत्यार उरलं आहे. त्याने हळदीत बोट बुडवलं आणि सरळ स्क्रीनकडे नेलं. मी त्याचं मनगट धरलं.

"स्क्रीनला नको. बाजूला लाव. खरं तर बॅगेलाच लाव."

"आई, चिल. पुसून टाकू ना."

"हळद पुसली जात नाही."

"मग स्क्रीन गार्ड बदलू. एवढं पॅनिक व्हायचं काय त्यात?"

मी मनगट सोडलं. त्याने हसत हसत बॅगेला बोट टेकवलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि मीटिंग आहे म्हणून आत निघून गेला. मी तिथेच पाटावर बसून राहिले. 

त्याच्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे. आयात खुली झाली होती, चौकाचौकांत पिवळ्या पाटीचे फोनबूथ उगवले होते आणि आमच्या वर्गातली हुशार मुलं काँप्युटरचे कोर्स लावून अमेरिकेच्या वाटेला लागली होती. मी वारज्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये काचेच्या डब्या करत होते. वारजे तेव्हा पुण्यात धरत नसत. नारायण पेठेतून बस पकडून मी तिथे उतरले की एका बाजूला ज्वारी आणि दुसऱ्या बाजूला आमची शेड. आत कुरुंदाची पूड आणि पाणी घालून काच घासण्याचा दिवसभर एकच आवाज. तो आवाज घरी आल्यावरही दातांत राहायचा.

त्या डब्यांना प्रयोगशाळेत क्युव्हेट म्हणतात. शेडमध्ये सगळे डबीच म्हणायचे. अंगठ्याएवढी उंच, चौकोनी, वरून उघडी काचेची कुपी. तिच्यात रक्ताचा, औषधाचा, कशाचाही पातळ नमुना घालायचा, यंत्रात ठेवायची, एका बाजूने प्रकाश सोडायचा आणि दुसऱ्या बाजूने तो किती उरला ते मोजायचं. नमुन्याने जेवढा प्रकाश खाल्ला तेवढं त्यात काहीतरी आहे. बस, एवढंच. पण या एवढ्याशासाठी डबी गोल चालत नाही, कारण गोल काच प्रकाश वाकवते. आतलं अंतर बरोबर एक सेंटिमीटर लागतं, केसभरही इकडेतिकडे नाही. तळाचा कोपरा जास्त टोकदार झाला तर तिथे बुडबुडा बसतो आणि बुडबुडा खोटं बोलतो. आणि चारपैकी दोनच बाजू पारदर्शक ठेवायच्या. उरलेल्या दोन घासून दुधी करायच्या, म्हणजे धरणाऱ्याची बोटं तिथे जातील. पारदर्शक बाजूला बोट लावायचं नाही हा या धंद्यातला पहिला नियम. शेडमध्ये तो सगळ्यांना सांगून सांगून मी अप्रिय झाले होते.

"इंजिनिअर झालीस आणि डब्या चिकटवतेस," आई म्हणायची. ती शाळेत मराठी शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती आणि लाल शाईची सवय सुटलेली नव्हती. "निदान झाकणं तरी करा त्यांना. मसाल्याला होतील."

मी तिला माझी डबी समजावून द्यायचा प्रयत्न केला होता. ती खास तान्ह्या मुलांसाठी होती. जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच मुलांना कावीळ होते. ती किती आहे हे बघायला टाचेला टोचून रक्त काढतात. नेहमीच्या डबीला नमुना जास्त लागायचा, मग रक्तही जास्त. टाच पिळावी लागायची, कधी पुन्हा टोचावं लागायचं. मी दुधी बाजूंच्या काचा जाड केल्या, आतली पोकळी चिंचोळी केली. प्रकाशाची वाट तेवढीच एक सेंटिमीटर राहिली, पण नमुना निम्म्याहून कमी लागू लागला. एकदा टोचलं की काम झालं. हे कागदावर जमलं त्या दिवशी मी शेडच्या मागे जाऊन एकटीच रडले होते. आनंदाने रडणं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही, म्हणून लक्षात आहे.

आमचे मालक दाते. साठीचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात काच मापायचा मायक्रोमीटर. परदेशी कंपनीचा गुळगुळीत कागदावरचा कॅटलॉग त्यांच्या टेबलावर नेहमी उघडा असायचा, आणि ते त्याच्याकडे शेजारच्यांच्या नव्या गाडीकडे बघावं तसं बघायचे. एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने आमच्या पन्नास डब्या चाचणीसाठी घेऊन बघायचं कबूल केलं होतं. चाचणीत उतरल्या तर शहरातल्या इतर ठिकाणी जातील. नाही उतरल्या तर कॅटलॉगमधल्या येतील. दाते म्हणाले, "दसऱ्याच्या दिवशी पोचवू. मुहूर्त चांगला आहे. आणि बाई, घाई होतेय असं म्हणू नका. पी हळद आणि हो गोरी असा आपला धंदा नाही हे मलाही कळतं. पण बाहेरचा माल दारात येऊन उभा आहे."

म्हण त्यांनी सहज वापरली होती. त्या वेळी दोघांनाही काही वाटलं नाही.

खंडेनवमीला शेड धुतली. यंत्रांना आंब्याच्या डहाळ्या बांधल्या, पेढे आणले. घासकामाचे जुने कारागीर शिंदेमामा मूळचे वारजे गावातले. त्यांनी ताट माझ्यापुढे धरलं. "मॅडम, तुमच्या हातनं होऊ द्या. शेडात बाईमाणूस हाय, मग आमी कशाला?"

मला कोण अभिमान वाटला. घासायच्या चाकाला हळदकुंकू लावलं, मोटरीला लावलं, दात्यांच्या मायक्रोमीटरला लावलं. आणि शेवटी त्या पितळी साच्याला लावलं, ज्यात काचेचे पाच तुकडे बसवून आम्ही डबी चिकटवायचो. त्याला तर दोन बोटं जास्तच लावली. तो माझा साचा होता. पूजा झाल्यावर लक्षात आलं की पन्नासातल्या बऱ्याच डब्या अजून व्हायच्या आहेत. म्हणून मी मलमलीचं फडकं स्पिरिटमध्ये बुडवून साचा स्वच्छ पुसला. अगदी चकचकीत पुसला. त्याच फडक्याने मग संध्याकाळपर्यंत सगळ्या पन्नास डब्याही आतून-बाहेरून पुसल्या. काच स्पिरिटनेच पुसायची हा धंद्यातला दुसरा नियम.

दसऱ्याला डब्या पोचल्या आणि पाचव्या दिवशी प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरबाईंचा फोन आला. त्या सदाशिवपेठी कोरड्या आवाजात म्हणाल्या, "तुमची क्युव्हेट उत्तम आहे. फक्त तिच्यात काही भरायचं नाही, एवढंच पथ्य दिसतंय."

पाणी घालून बघितलं तर डबी निर्दोष होती. नमुना आणि त्यात मिसळायचं औषध घातलं की पिवळा रंग असायला हवा त्यापेक्षा जास्त यायचा. एकीत थोडा, दुसरीत बराच. डॉक्टरबाईंनी सगळ्या डब्या बाजूला ठेवायला सांगितल्या आणि आम्हाला दोष शोधायला वेळ दिला.

ते दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. बसमध्ये बसले की हिशेब, जेवताना हिशेब.  चिंचोळी पोकळीच चुकली असेल. जाड काचेतून प्रकाश कडेने परावर्तित होत असेल. चिकटवायचा गोंद पिवळा पडत असेल. मी गोंद बदलून बघितला, काच बदलून बघितली, वही काढून सगळं गणित पहिल्यापासून मांडलं. प्रत्येक वेळी शेवटी एकच उत्तर यायचं, की तू शहाणपणा केलास, तुझं डिझाइनच चूक आहे. शेडवरच्या पत्र्यातून ऊन खाली ओतायचं आणि दाते शेजारी उभे राहून तीच डबी पुन्हा मापायचे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो प्रकार, पण कळसा काखेत आहे हे काखेला कळत नाही.

पुण्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. त्या गुरुवारी सकाळी मी साठलेली फडकी धुवायला घरी आणली होती. शेडच्या पाण्याने ती खरखरीत व्हायची. आई मोरीत बसून त्यांना साबण लावत होती.

"काय गं, हे फडकं हळदीचं आहे ते सांगायचं नाही का? बघ, कसं लालभडक झालं."

मी मोरीच्या दारात गेले. साबणाच्या फेसात ते पांढरं मलमल लाल झालं होतं. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो हे मराठी घरातली सात वर्षांची मुलगीही सांगेल. मीही सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. हळद पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र सुरेख विरघळते. मी साचा पुसला नव्हता. मी साच्यावरची हळद पातळ करून पन्नास डब्यांना आतून लावली होती. पाणी घातलं की ती कोपऱ्यांत काचेला धरून बसायची, आणि औषधातलं स्पिरिट लागलं की सुटून नमुन्यात उतरायची. काविळीचं पिवळं मोजायच्या डबीत मी आधीच पिवळं घालून ठेवलं होतं.

"उन्हात टाक म्हणजे जाईल," आई म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. "हळदीला ऊन सोसत नाही."

खरं सांगते, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. डिझाइन बरोबर होतं! मी आईला मिठी मारायची तेवढी राहिले. दुसऱ्या क्षणी मनात आलं की हे आता सांगावं लागणार. मी, जी सगळ्यांना बोटं लावू नका म्हणून ओरडत होते, तिने जाऊन सांगायचं की पूजेची हळद लागली. शिंदेमामा काय म्हणतील, दाते काय म्हणतील, आणि त्या डॉक्टरबाई तर एका वाक्यात सोलून काढतील.

प्रयोगशाळा गुरुवारी चालू असायची. कोपऱ्यावर फोनबूथ होता. दहा वाजता मी चिल्लर घेऊन तिथे गेले. रांगेत दोन माणसं होती. मी वाक्य जुळवत उभी राहिले, "मॅडम, एक लहानशी गोष्ट झाली आहे," आणि ते वाक्य मलाच आवडेना. लहानशी म्हणू नये. गोष्टही म्हणू नये. माझा नंबर आला तेव्हा मी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं. मग आणखी एकाला. मग स्वतःला समजावलं, की डब्या बाजूलाच ठेवलेल्या आहेत, कुणी वापरत नाही, आणि मालकांना आधी न सांगता परस्पर बाहेर सांगणं बरं दिसत नाही. उद्या दात्यांना सांगू, मग बघू. हे सगळं खरं होतं. त्यातलं एकही कारण खरं नव्हतं. मी घरी आले आणि दिवसभर पडून राहिले. आईने दोनदा कपाळाला हात लावून बघितला.

शुक्रवारी दात्यांना सांगितलं. त्यांनी टेबलावरचा कॅटलॉग मिटला. मग त्यांना हसू आलं. "म्हणजे परदेशी माल दारात उभा आहे आणि आपण आपल्याच मालाला हळद लावून बोहल्यावर चढवला. असू दे. डब्या आणू, उन्हात टाकू, परत देऊ. लॉट खराब होता म्हणायचं. हळदीचं सांगायची काय गरज?"

"मधल्या काळात कुणा मुलाची तपासणी त्यात झाली असेल तर?"

ते हसायचे थांबले. मायक्रोमीटर खिशातून काढला, पुन्हा खिशात ठेवला.

"जा तुम्ही," ते म्हणाले. "आत्ताच जा. आणि बाई, 'कंपनीची चूक' म्हणा. 'माझी' म्हणू नका. नोकरीत ती सवय लावून घेतली की लोक फार वापरतात."

ही हळदीची गोष्ट मी पुढे अनेकांना सांगितली आहे. पार्टीत सांगितली, मुलाच्या मित्रांना सांगितली. उन्हात ताटात पापडांसारख्या मांडलेल्या डब्यांपाशी आले की लोक हसतात, कारण खरोखरच दोन दिवसांच्या कडक उन्हात हळद उडून गेली आणि डब्या चाचणीत उतरल्या. त्या चारपाच वर्षं चालल्यासुद्धा. मग एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या आल्या आणि दात्यांनी शेड विकली. तिथे आता बारा मजले आहेत, आणि त्यातल्या एका खिडकीत माझा मुलगा लॅपटॉप घेऊन बसतो की काय असं बसमधून जाताना वाटतं. तो बसत नाही, त्याचं ऑफिस हिंजवडीला आहे. गोष्ट मी नेहमी पापडांपाशी संपवते. शुक्रवारी दुपारचं काही सांगत नाही.

डॉक्टरबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी 'माझी चूक' म्हणाले. त्यांनी सोललं वगैरे नाही. "हळद," एवढंच म्हणाल्या, जणू विद्यार्थ्याने बरोबर उत्तर उशिरा दिलं. "चाचणीच्या डबीतले रिपोर्ट आम्ही देत नाही. काळजी करू नका." आणि तरीही त्यांनी रजिस्टर ओढलं, बोट खाली नेत गेल्या, आणि एका ओळीवर ते थांबलं.

"काल," त्या म्हणाल्या. "काल दुपारी आमची जुनी फुटली. ड्यूटीवरची मुलगी नवी होती, तिला समोर तुमचा ट्रे दिसला. एकच तपासणी आहे."

काल गुरुवार होता.

आकडा इतका आला होता की मुलाचं रक्त बदलावं लागेल असं आईवडिलांना सांगितलं गेलं. वॉर्डातल्या डॉक्टरला शंका आली, कारण मूल तेवढं पिवळं दिसेना. त्याने पुन्हा रक्त काढायला लावलं, शेजारच्या प्रयोगशाळेतून क्युव्हेट मागवून तपासलं, तेव्हा आकडा बराच खाली आला. रक्त बदलायची गरज नव्हती. नुसत्या निळ्या प्रकाशाखाली ठेवून भागणार होतं.

"मध्ये किती वेळ गेला?" मी विचारलं.

"पाच तास. मूल छान आहे. वरच्या मजल्यावर आहे." त्यांनी रजिस्टर मिटलं. "तुमच्या डब्या घेऊन जा आणि नीट करून आणा. डिझाइन चांगलं आहे, म्हणून सांगते."

"मी त्यांना भेटू का?"

"भेटून काय करणार?"

"माहीत नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "डावीकडचा जिना," त्या म्हणाल्या.

जिना चढताना मी पुन्हा वाक्य जुळवत होते. काल मी फोन केला असता तर. नाही, असं नको. तुमच्या मुलाच्या तपासणीत आमच्याकडून. नाही. हातात ट्रे होता आणि त्यात डब्या किणकिणत होत्या, म्हणून मी तो छातीशी घट्ट धरला. वॉर्ड गरम होता. पंखा होता पण वारा नव्हता. खिडकीजवळच्या खाटेवर ती बसली होती, विशीबाविशीची. नवरा चाकणच्या कारखान्यात होता आणि ही बाळंतपणालासुद्धा वर्ध्याकडे माहेरी जाऊ शकली नव्हती, हे नर्सने दारातच सांगितलं. बाळाला पाजायला म्हणून प्रकाशाखालून काढलं होतं. एवढंसं, तांबूस, थोडंसंच पिवळं. माझ्या चपलांचा आवाज ऐकून तिने वर बघितलं. आधी माझ्याकडे नाही, ट्रेकडे. काचेकडे.

तिने बाळाचा पाय पदराखाली ओढून घेतला. तेवढ्यात मला टाच दिसली. तिच्यावर कापसाचे दोन बोळे चिकटवलेले होते.

"काऊन जी," ती म्हणाली, "अजून रगत पाह्यजे काय? दोन खेपा काढलं ना काल. दुसऱ्या खेपेला लय रडला."

मी ट्रे पाठीमागे धरला.

"नाही," मी म्हणाले. "आता नाही काढणार."

"खरंच ना जी?"

"खरंच."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि मी दाराबाहेर जाईपर्यंत तिने त्या टाचेवरचा हात काढला नाही.